बायूकाठच्या फ्रेंचचा हेवा

हेवा वाटायला सुरुवात झाली ती रस्त्याच्या पाट्यांपासून. भाड्याची गाडी घेऊन आम्ही लुइझियाना राज्यातल्या लाफिएट गावात शिरलो, तर रस्त्यांच्या नावांआधी 'र्यू' (फ्रेंचमध्ये रस्ता) लिहिलेलं. रेडिओवर कुणी म्हातारा खर्जातल्या आवाजात बातम्या सांगत होता, त्याही फ्रेंचमध्ये. बारा वर्षं अमेरिकेत काढल्यावर माझी अशी समजूत झाली होती, की हा देश इंग्रजी सोडून बाकीच्या सगळ्या भाषा दोन पिढ्यांत पचवून टाकतो. त्या समजुतीवर माझं बरं चाललं होतं. आमची दहा वर्षांची सई मराठी बोलत नाही, हा दोष आमचा नव्हता, देशाचा होता.

२००७ चा एप्रिल. सईच्या शाळेला सुट्टी होती. मिशिगनमध्ये आमच्या नोव्हाय गावात पार्किंग लॉटच्या कोपऱ्यांत अजून मळकट बर्फाचे ढीग होते आणि इथे झाडांवरून राखाडी शेवाळाच्या जटा लोंबत होत्या. मोटार कंपनीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा पॉल मूळचा इकडचा. "हॉटेल कॅन्सल कर यार," माझ्याकडून शिकलेला 'यार' लावून तो म्हणाला होता, "माझ्या डॅडकडे राहा. त्यांना बोलायला माणूस लागतं."

पॉलचे वडील, अल्सीड, ब्रो ब्रिज गावाबाहेर भातशेती करतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, हात फावड्यासारखे रुंद. दारात त्यांची नात एलोडी उभी होती, पॉलच्या बहिणीची मुलगी, सईच्याच वयाची. ती आजोबांना फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली, ते खो खो हसले आणि फ्रेंचमध्येच उलट बोलले. मी मुग्धाकडे, माझ्या बायकोकडे पाहिलं. तिनेही नेमकं तेच टिपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्सीडनी आम्हाला शेतावर नेलं. भाताचं पीक निघालं की त्याच खाचरांत पाणी भरून ते क्रॉफिश (गोड्या पाण्यातले, नांग्या असलेले कोळंबीसारखे जीव) धरतात. सपाट तळाच्या होडीतून जाळीचे पिंजरे उचलत जायचं. पलीकडे बायू (दलदलीतून संथ वाहणारा ओढा) होता, इतका संथ की पाणी कुठल्या दिशेला जातंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

होडी चालवता चालवता त्यांनी आपल्या लोकांची कथा सांगितली. अडीचशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज कॅनडाच्या किनाऱ्यावर अकेडिया नावाच्या मुलखात शेती करत होते. इंग्रजांनी त्यांना हुसकलं, जहाजांत कोंबलं, कुटुंबंच्या कुटुंबं फोडली. कित्येक वर्षं भटकून त्यातले काही इथे, दुसऱ्या कुणाला नको असलेल्या या चिखलात येऊन राहिले. 'अकेडियन'चं बोलता बोलता 'केजन' झालं. "पुढे तेल सापडलं," ते म्हणाले. "तेलकंपनीतला साहेब इंग्रजी बोलायचा. फ्रेंच ही गरिबाची भाषा झाली. मग तेलाचा भाव पडला, नोकऱ्या गेल्या आणि पॉल तुमच्याकडे मोटारी करायला आला."

एवढ्या हालअपेष्टा सोसलेल्या माणसांचा हेवा करणं शोभत नाही. मी केला. कारण होडीच्या दुसऱ्या टोकाला एलोडी पिंजरे मोजत होती आणि सई तिच्यामागून म्हणत होती, "अं, द, त्र्वा, कात्र..." तासाभरात पोरगी विसापर्यंत पोचली. एक ते वीस मराठीत शिकवायला मी तक्ता आणला होता, गाणी लावली होती, चॉकलेटं दिली होती. अकराच्या पुढे तिचं डोकं दुखायचं.

मी तिरमिरीत उठून उभा राहिलो आणि सरळ पाण्यात गेलो. पाणी मांडीपर्यंतच होतं, पण बूट चिखलात रुतला तो कायमचा. एलोडी आणि सई दोघी फ्रेंचमध्ये हसल्या, असं तेव्हा मला अगदी खरं वाटलं.

दुपारी अंगणातल्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून त्यावर उकडलेल्या लालभडक क्रॉफिशचा ढीग ओतला. शिवाय गंबो (भातावर घेतात ती दाट, काळपट आमटी). त्यातलं पीठ तेलात असं खरपूस भाजलेलं होतं की मुग्धाने दोनदा मागून घेतलं. एलोडीने आजोबांना टोकलं. ते मोटारीला 'शार' म्हणाले होते, शाळेतल्या फ्रेंचच्या बाई 'व्वात्यूर' म्हणतात.

"तिच्या बाई बेल्जियमहून येतात," अल्सीड मला म्हणाले. "साठ वर्षं मी शार चालवली, आता कळतं की ती शार नव्हतीच."

तेवढ्यात सईने हात पुढे केला आणि ठसक्यात म्हणाली, "ल री, सिल व्हू प्ले!" भात मागत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"इनफ, सई! स्टॉप शोइंग ऑफ!"

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. टाळ्या थांबल्या. सईने हात मागे घेतला आणि उठून झोपाळ्याकडे गेली. एलोडी तिच्यामागे गेली.

मुग्धा हळूच म्हणाली, "काय झालंय तुला?"

जेवणानंतर अल्सीडनी मला ओसरीवर बोलावलं. काय खुपतंय ते त्यांना सांगावं लागलं. तुमची नात तुमच्याशी तुमच्या भाषेत बोलते, माझी मुलगी बोलत नाही, एवढंच म्हणालो.

ते म्हणाले, "शाळेत गेलो तेव्हा मला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. सरकारचा हुकूम होता, शाळेत फक्त इंग्रजी, फ्रेंच बोललं की छडी. बाहेर जायचं कसं विचारायचं ते माहीत नव्हतं. मी बाकावरच चड्डी ओली केली. सगळा वर्ग हसला. तेव्हाच ठरवलं, माझ्या पोरावर ही पाळी येऊ द्यायची नाही. पॉलशी मी कधी फ्रेंच बोललो नाही."

"पण आता शाळाच शिकवते..."

"नातीला. पॉल राहिला मधेच. त्याने मला विनोद सांगताना कधी ऐकलेलं नाही. इंग्रजीत मला विनोद येत नाहीत." मग त्यांनी विचारलं, "तुझी आई आहे?"

"नागपूरला असते."

"तिच्याशी हवं ते बोलू शकतोस?"

"हो."

"मग तू माझा हेवा करतोस कसा?" ते म्हणाले. "आणि तुला शाळेत कुणी मारलं होतं?"

कुणीच मारलं नव्हतं. सई दोन वर्षांची असताना पाळणाघरातली बाई एकदा हसत म्हणाली होती, घरी थोडं इंग्रजी बोललात तर तिला इथे रुळायला सोपं जाईल. त्याच संध्याकाळी आम्ही बदललो. थोडं नाही, सगळंच. अल्सीडना निदान हुकमाला दोष देता येत होता. मला त्याचाही हेवा वाटला.

परतताना विमानतळाच्या वाटेवर मी सईची माफी मागितली. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बाबा, यू नेव्हर टॉक टू मी इन मराठी. यू टॉक टू आई. मला फक्त टेस्ट घेतोस."

'मला' आणि 'घेतोस' ऐकून गाडी चालवणाऱ्या मुग्धाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी व्याकरणाबद्दल बोललो नाही.

नोव्हायला परत आल्यावर पॉलला सांगितलं, वडील बरे आहेत. जास्त काही सांगवलं नाही. त्यांनी मला ओसरीवर एक विनोद सांगितला होता, आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत, आणि इंग्रजीत त्यात खरंच काही उरलं नव्हतं. पॉलच्या डोळ्यांत बघून हे कसं सांगणार?

सोमवारी सईला शाळेतून आणताना मी मराठीत बोलायला लागलो. शिकवण्यासाठी नाही, ऑफिसात काय झालं, कोण कुणावर ओरडलं, असंच काहीबाही. ती इंग्रजीत उत्तरं देत राहिली. मंगळवारीही, बुधवारीही. एलोडी मात्र रोज आजोबांशी बोलत असेल, हा विचार दर सिग्नलला टोचायचा. गुरुवारी मी आजीची एक फजिती सांगत होतो. सांगण्याच्या भरात माझा वेग नागपूरचा झाला.

मागच्या सीटवरून सई म्हणाली, "बाबा, हळू बोल ना."

मी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, हळू सांगायला घेतली.