अक्काच्या कुरडया आणि माझी नवी चाकं

वेड्या बाभळीला मी जेवढ्या शिव्या दिल्यात तेवढ्या कचेरीतल्या साहेबालासुद्धा दिल्या नसतील. धाराशिवहून कळंबच्या रस्त्यानं सकाळी सायकल काढावी, दोन-चार उतार मजेत जावेत आणि मागच्या चाकातून फुस्स! उतरून बघावं तर काटा आरपार. मग रस्त्याच्या कडेला बूड टेकून ट्यूब बदला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं ‘काय झालं पाव्हणं?’ ऐकत बसा. माझी सायकल रेसची, बारीक टायरची. तिला काट्याचं एवढं टोक पुरे.

शेवटी वैतागून मी नवीन चाकं मागवली आणि त्यांच्यावर ट्यूबलेस टायर. यात आत ट्यूबच नसते. टायर रिमला घट्ट धरून बसतो आणि आत सीलंट नावाचं पांढरं, दुधासारखं औषध ओततात. काटा घुसला की ते भोकात जाऊन गोठतं आणि हवा थांबते. पुढच्या रविवारी आमच्या सायकलवाल्या मंडळींची नळदुर्गपर्यंत फेरी होती. त्या फेरीत मला नव्या चाकांवर मिरवायचं होतं. खोटं कशाला बोलू, मिरवायचंच होतं.

नेमकी त्याच आठवड्यात अक्का आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सोनारीला दिलेली. तिच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं होतं, मुलगा कळंबचा. रुखवतासाठी कुरडया करायच्या होत्या. आता सोनारीत कुरडया वाळत घालायच्या म्हणजे माकडांना पंगत वाढायची. तिथल्या देवळाची माकडं गावभर हिंडतात, पत्र्यावर, माळवदावर, जिथं बघाल तिथं. राखणीला बसलेल्या बाईच्या हातातली काठीसुद्धा ओढून नेतात. म्हणून अक्का गव्हाची पिशवी घेऊन, लेकीला घेऊन, भावाच्या गच्चीवर आली. भावाच्या गच्चीवर माकडं नसतात, असं तिला वाटलं.

तीन दिवस घरात भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास. मी नाक मुरडत होतो. अक्का रोज पाणी बदलायची आणि म्हणायची, “रुखवतात कुरडई नसली की बाया नावं ठेवत्यात रं. अन् मांडून झाल्यावर ती नवऱ्याकडंच जाती. पहिल्या सणाला तिथंच तळत्यात.” तिच्या घरातलं हे पहिलंच कार्य. रुखवत बघून कळंबच्या बायांनी तोंडात बोट घालावं, एवढीच तिची हौस होती.

फेरीच्या आधीच्या रविवारी पहाटे गल्लीतल्या बाया जमल्या. चीक शिजला, सोरे फिरले आणि ऊन चढायच्या आत माझ्या गच्चीवर निळ्या मेणकापडावर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा लागल्या. बघत राहावं असं दिसत होतं ते. पण मी बघितलं ते एवढंच, की मला चाकं घेऊन बसायला जागा उरली नाही.

“अहो, आज नका ना गच्चीवर,” बायको म्हणाली. “उद्या संध्याकाळी करा.”

“गच्ची काय कुरडयांच्या नावावर केली का? माझ्याच घरात मीच परका!”

माझं हे असं आहे. नाकावर राग. बाया खाली चहाला बसल्या आणि मी चाकं घेऊन वर गेलो.

टायर रिमवर चढवताना अंगठ्याची सालं निघाली होती, पण ते काम आदल्या दिवशीच पंक्चरच्या दुकानात हवेच्या टाकीवर करून आणलं होतं. आता फक्त व्हॉल्व्हमधून सीलंट ओतायचं आणि हवा भरायची. चाकं पाठवणाऱ्या दुकानदारानं फोनवर बजावलं होतं, “ट्यूबच्या हिशेबानं हवा भरू नका हं, या रिमला कमीच लागते.” मी हूं हूं म्हटलं होतं. पुढचं चाक झालं. मागच्याला मी बसलो आणि जुनी सवय हातात आली. अंगठ्यानं दाबलं तर टायर दगडासारखा लागला पाहिजे, तरच सायकल पळते, अशी माझी इतक्या वर्षांची समजूत. मारला पंप, अजून मारला. चाक उन्हात कठड्याला टेकवून मी कौतुकानं बघत उभा राहिलो.

तेवढ्यात बार झाला. बंदुकीचा व्हावा तसा! टायर रिम सोडून बाहेर आला आणि सगळं सीलंट उडालं. तोंडावर, शर्टावर, पाण्याच्या टाकीवर. कानात नुसतं शिट्टी वाजल्यासारखं. खालून बायांचा एकच गलका झाला, “सिलिंडर फुटलं, सिलिंडर!”

सगळ्यात आधी अक्का वर आली. तिनं कुरडयांकडं बघितलंसुद्धा नाही. थेट माझ्याकडं आली, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. “लागलं का रं कुठं? डोळ्यात गेलं का?” पदरानं तिनं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं. मग वळून म्हणाली, “कुरडयांवर न्हाय ना उडालं?”

“छे! तिकडं कसं जाईल?” मी म्हणालो.

मी हे म्हणालो तेव्हा माझ्या पायापाशी निळ्या मेणकापडावर पांढरे थेंब होते. कुरडयांच्या मधून, पार तिसऱ्या-चौथ्या रांगेपर्यंत. मी पाय सरकवून त्यांच्यावर उभा राहिलो. बाया हसल्या, “सायकल हाय का बाँब म्हणावं!” आणि खाली गेल्या.

निळ्यावर पांढरं दिसतं. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. मेणकापडावरचे थेंब मी शर्टानं पुसून टाकले, पण कुठल्या कुरडईवर उडालंय आणि कुठल्या नाही, हे देवालाही सांगता आलं नसतं. ओल्या कुरडईची चमक तीच आणि त्या औषधाची चमक तीच. हे पोटात गेलं तर काय होतं मला माहीत नव्हतं. बाटलीवर ‘खाऊ नये, लहान मुलांपासून लांब ठेवावे’ असं काहीबाही होतं, ते मी आता वाचलं.

त्याच वेळी खाली जाऊन सांगायचं होतं. दोन पावलांचं काम. पण खाली बाया बसलेल्या, बायकोनं नको म्हटलेलं आणि ‘छे’ म्हणून मोकळा झालेलो मी. मला लाज वाटली, आणि लाजेनं जे करायचं ते सोडून मी भलतंच केलं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी वर गेलो. एवढा बाप्या माणूस, भर उन्हात गुडघे टेकून एकेक कुरडई उचलायची, उलटी करायची, नाकाला लावायची. सीलंटला आधी एक उग्र वास असतो, पण उन्हानं तोही उडून गेलेला. सगळ्यांना एकच वास, गव्हाचा. ज्यांच्यावर जाडसर डाग वाटला अशा काही मी शर्टात गुंडाळून मागच्या मोकळ्या प्लॉटात भिरकावल्या. चोर कसा असतो, ते त्या दुपारी मला कळलं.

“अगं बाई!” मागून आवाज आला. अक्का जिन्यात उभी होती. “कुरडया पलटायला बसलास व्हय एवढ्या उन्हात? भाचीच्या कुरडया?”

तिचे डोळे भरून आले होते. तिथल्या तिथं तिनं कळंबला विहीणबाईंना फोन लावला, तोही स्पीकरवर. “विहीणबाई, आवं आमच्या पोरीचा मामा लई मायाळू. गड्यामाणसाला असं करताना कुठं बघितलंय का? भर उन्हात एकेक कुरडई हातानं पलटतोय!” तिकडून विहीणबाई म्हणाल्या, “भाग्याची हो तुमची लेक.” माझ्या हातात एक कुरडई तशीच होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती उलटी करून मी रांगेत परत ठेवली.

मंगळवारी संध्याकाळी कचेरीतून आलो तर घरात तेलाचा वास. कुरडया कडकडीत वाळल्या होत्या आणि अक्का एक तळून बघत होती. “ये, बस. पहिली कुरडई मामाला,” ती म्हणाली. “तूच राबलास.”

कढईत कुरडई फुलली, ताटाएवढी झाली. पण एका बाजूला बोटभर जागा फुललीच नाही. तिथं तारा एकमेकींना चिकटून पिवळट, चिवट गोळा झाला होता. अक्काला वाटलं, चीक नीट शिजला नसंल. मला माहीत होतं ते काय आहे. ताट माझ्यासमोर आलं. आणि माझ्या भाचीनं, हसत, नेमका त्याच बाजूचा तुकडा मोडला.

“खाऊ नको!” मी तिच्या हातावर फटका मारला. तुकडा फरशीवर पडला. पोरगी घाबरून मागं सरकली. तिला मी आयुष्यात कधी हात लावला नव्हता.

मग सांगितलं सगळं. थेंब, शर्ट, मागचा प्लॉट, सगळं. बायकोनं कपाळाला हात लावला. अक्कानं आधी गॅस बंद केला.

“परवा विचारलं तवा का न्हाय सांगितलंस?”

“लाज वाटली.”

“अन् फोनवर मी त्यांना सांगत हुते तवा?”

मी फरशीवर पडलेला तुकडा उचलला. तिनं मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं माझ्या बायकोला विचारलं, “घरात गहू हाईत का?” आणि उठून पातेलं शोधायला लागली.

वाळलेल्या कुरडया मी पोत्यात भरल्या. कुणाला खायला देता येत नव्हत्या, जनावरालासुद्धा नाही. सकाळी घंटागाडीत पोतं टाकताना गाडीवरची बाई म्हणाली, “आवं, चांगल्या दिसत्यात की! अन्न असं टाकायलाय व्हय?” मी मान खाली घालून घरात आलो. गल्लीतल्या बायांना अक्कानं एवढंच सांगितलं, की चीक बिघडला. दोष स्वतःच्या हातावर घेतला तिनं. जिच्या कुरडया अख्ख्या सोनारीत नावाजतात, तिनं.

पुढच्या रविवारी माझे सायकलवाले दोस्त नळदुर्गला गेले आणि मी गच्चीवर सोऱ्या दाबत बसलो. सोऱ्या दाबणं काय असतं ते मनगटांनी सांगितलं. बाया या खेपेला दोघीच आल्या, बाकीच्यांना दुसऱ्यांदा कोण बोलावणार? अक्का माझ्याशी कामापुरतं बोलत होती. “हिकडं दाब. जरा जवळ घे.” एवढंच. चाकं जिन्याखाली पडून होती. त्यांच्याकडं बघायची मला इच्छा होईना.

लग्न कळंबला झालं. रुखवताच्या टेबलावर मधोमध कुरडयांची उतरंड रचली होती आणि बाया खरंच वाकून वाकून बघत होत्या. मी कडेकडेनं निघालो होतो. तेवढ्यात विहीणबाईंनी मला गाठलं.

“तुम्हीच का ते मामा? भर उन्हात बसून भाचीच्या कुरडया पलटणारे? सगळ्या पाहुण्यांना सांगितलं बघा आम्ही. असा मामा नशिबानं मिळतो.”

चार-सहा बाया माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या. माझे कान तापले. अक्का शेजारीच उभी होती. एका वाक्यात तिला मला उघडं पाडता आलं असतं, आणि मी म्हणतो, पाडायला पाहिजे होतं. मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“व्हय, ह्योच,” ती विहीणबाईंना म्हणाली. “माझा भाऊ.”