खालचा बंधारा आधी

शांतावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंधाऱ्यावर खांबांमधल्या गाळ्यांच्या खाचा साफ करत होतो. पाऊस सरत आला की हे काम आम्ही दोघं मिळून पाहायचो. त्या दिवशी त्यांना बरं वाटत नव्हतं, एवढंच मला ठाऊक होतं...

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाच्या पत्नी, गावच्या माजी सरपंच. आमच्या नदीवर चार गावांचे चार बंधारे. आमचा सर्वांत वरचा. पूर्वी पाऊस थांबला की आम्ही लगेच बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या टाकायचो, आणि शेवटच्या गावाची नदी दिवाळीआधीच आटायची. वहिनींनी चारही गावांना एकत्र बसवून क्रम उलटा केला. आधी सर्वांत खालच्यांनी बरगे टाकायचे, आमचे शेवटी. धार कमी पडली तर आपला बंधारा अर्धाच भरेल, हे त्यांनी लपवलं नाही. म्हणून आम्ही गहू कमी करून हरभरा वाढवायचा, हेही त्याच बैठकीत ठरलं.

गाव चिडलं. देवरावकाका पारावरून ओरडले, "बाईचं माहेर खाली असन, म्हून पानी तिकडं धाडून राह्यली!"

"माहेर मानोऱ्याकडं हाय, काका. ही नदी तिकडं जातच नाही. नकाशा पाह्यला काय कधी?" वहिनींनी विचारलं.

पार हसला. काका हसले नाहीत.

मीही आमचं नुकसान आकड्यांत मांडून वहिनींपुढे ठेवलं. "हिशेब बरोबर हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या, "पन एकाच गावाचा हाय." मग मी चारही गावांचा मांडला. एकूण फायदा निघाला. आमच्या रकान्यात मात्र तोटाच राहिला. तो मी खोडला नाही. त्यांनीही खोडायला सांगितलं नाही.

तेरवीनंतर काका बैठकीत म्हणाले, "बाई गेली, करार गेला. उद्या आपले बरगे टाका."

मी उठलो. "करार चार गावांचा व्हता, काका. आपले शेवटीच पडतीन."

"तुले कोनं सरपंच केलं?"

"कोनंच नाही. पन कोठीची चाबी माह्यापाशी हाय."

बरगे वहिनींच्या घरामागच्या कोठीत असतात. आज सकाळी काका चार माणसं घेऊन कोठीच्या दारात आले. खालचे दोन बंधारे भरले आहेत, तिसरा भरतो आहे, आणि नदीची धार बारीक होत चालली आहे. हे त्यांनाही दिसतं, मलाही. मी वहिनींची खुर्ची दाराला आडवी लावली आणि तिच्यावर बसलो. तिसऱ्या गावाचा निरोप येईपर्यंत मी उठणार नाही.