गोमाजीकाकांचा उजवा पाय

आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या ठेवलेल्या असतात. आत जाताना त्या पायांवर चढवायच्या. परवा गोमाजीकाका बाकावर बसून अशी एक पिशवी उजव्या पायावर ओढत होते. तो पाय हत्तीरोगानं सुजलेला. पिशवी पंजावरच अडली आणि टर्रकन फाटली.

हा रोग ज्यांच्यामुळे होतो, त्या जंतांची, त्यांच्याच रक्तातून मिळालेल्या, सगळी जनुकं आम्ही नुकतीच वाचून संपवली होती. ते दाखवायला मी त्यांना बोलावलं होतं. खरं तर मिरवायलाच.

फाटकी पिशवी नीट घडी करून माझ्या हातात देत ते म्हणाले, "तुमची वस्तू खराब झाली, मॅडम. मी काचेतूनच पाहतो." मग काचेला कपाळ टेकवून त्यांनी विचारलं, "सारा वाचून झाला का जी तो जंत?"

"सारा," मी म्हणाले, आणि माझी मान वर होईना. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जिवाचं अक्षर न् अक्षर मी तपासलं होतं. समोरचा एवढा मोठा पाय मात्र मला दिसला नव्हता.

नाही, दिसला होता. रक्त घेतलं त्या दिवशी त्याचा घेर मीच टेपनं मोजून फॉर्मवर लिहिला होता.