पुढचं मॉडेल येईपर्यंत

आमच्या घरात मिक्सरपासून मोटारीपर्यंत काहीही घ्यायचं झालं, की आधी काकांना विचारायचं असा शिरस्ताच होता. काका म्हणायचे, "थांब." मग ते दोन-चार दुकानं पालथी घालायचे, ओळखीच्यांना फोन करायचे, वस्तू उलटी करून तिच्या पोटाखालचे स्क्रू तपासायचे आणि पुन्हा म्हणायचे, "थांब, याचं पुढचं मॉडेल येतंय." आम्ही भावंडं त्यांना पाठीमागे थांबाकाका म्हणत असू. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांना नाव आवडलंच. चिडवायला ठेवलेलं नाव माणूस पदवीसारखं मिरवायला लागला, की चिडवणाऱ्याची मजाच जाते.

खरं तर यात त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. सगळी नोकरी त्यांनी बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस म्हणून केली. खिडकीखालचं टेबल, त्यावर पांढरा दिवा, डावीकडे न तपासलेल्या मालाचा ट्रे, उजवीकडे तपासलेल्याचा. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत. त्यांच्या हातून गेलेल्या मालाची कधी तक्रार आली नाही, हे ते निवृत्तीनंतरही सांगायचे. माल उशिरा गेला तर बोलणी दुसरं खातं खायचं, हे मात्र सांगायचे नाहीत. त्यांच्या लक्षातच ते आलं नसावं.

काकूची आई त्यांच्याकडेच असायची. मांडीचं हाड मोडल्यापासून ती मागच्या खोलीत खाटेवर होती. आम्ही सगळे तिला आजीच म्हणायचो. डोकं तल्लख, जीभ त्याहून. नजर तेवढी अधू झाली होती. काकांची मुलगी, म्हणजे आमची ताई, लांब परदेशात. बऱ्याच वर्षांनी तिला मुलगी झाली आणि रोज काकूच्या फोनवर फोटो यायला लागले. काकू फोन घेऊन खाटेशी बसायची. आजी बोटानं पणतीचा गाल चाचपायला जायची, की फोटो सरकून भलतंच काहीतरी समोर यायचं, नाहीतर पडदा काळा व्हायचा.

"गेली गं," आजी म्हणायची. "आत्ता होती."

"तू बोट लावू नकोस ना आई."

"मग बघू कशी? कागदावर असती तर उशीखाली ठेवली असती."

घरच्या घरी फोटो छापायचा प्रिंटर मिळतो हे ताईनंच सांगितलं. काकूनं ते काकांना सांगितलं आणि तिथेच चुकली बिचारी.

काका उत्साहानं दुकानात गेले. मलाही बरोबर नेलं. दोन मॉडेलं होती. जुनं जाडजूड, वायर लावून चालणारं, पण फोटो पोस्टकार्डाएवढा. त्याचा कागद चार वेळा आत-बाहेर व्हायचा: आधी नुसता पिवळा चेहरा, मग त्यावर लाल, मग निळा, आणि शेवटी वरून पारदर्शक थर. काका लहान मुलासारखे वाकून बघत होते. छापलेल्या फोटोवर त्यांनी दुकानदाराच्या बाटलीतलं पाणी सांडून पाहिलं. फोटोला काही झालं नाही, दुकानदाराचा चेहरा मात्र उतरला. नवं मॉडेल खिशात मावणारं, वायर नाही, शाईची भानगड नाही, फोनवरून थेट छापणारं. पण फोटो पत्त्याच्या पानाएवढा आणि रंग जरा फिकट.

"आईला मोठं दिसेल ते घ्या," घरी आल्यावर काकू म्हणाली. "एवढा कीस कशाला काढायचा?"

"अगं, ते जुनं आता बनवायचं बंद केलंय. उद्या त्याचा कागद मिळाला नाही तर डबडं होईल त्याचं."

"उद्याचं उद्या बघू."

"थांब जरा. दुकानदार म्हणत होता, मोठा फोटो देणारं आणि वायर नसलेलं असं एक येतंय."

झालं. यानंतर काकांना काही सुचेना. जुन्याचा आकार आणि नव्याची सोय एकाच डब्यात मिळणार असेल, तर अर्ध्यावर समाधान मानणारा माणूस तो नव्हे. काकू शेवटी वैतागून म्हणाली, "तोवर कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडून चार काढून आणते." काकांनी तिच्या हातातला फोन अलगद काढून टेबलावर ठेवला.

"घरात प्रिंटर येतोय आणि बाहेर कशाला? त्याच्याकडे सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. आई पणतीला पहिल्यांदा हातात धरणार, तो फोटो चांगला नको का?"

काकूनं फोन तिथेच राहू दिला. त्यात खोट नव्हती, माया होती. काकांचं सासूवर खरंच प्रेम होतं. रोज संध्याकाळी ते तिच्या खाटेशी खुर्ची ओढून बसायचे आणि ती रोज विचारायची.

"आला का हो फोटो, जावईबापू?"

"येतोय आई. चांगला येतोय."

काकू दारातून टोमणा मारायची, की यांचं हे भिजत घोंगडं कधी वाळायचं नाही. तर आजी लेकीलाच दटावायची. "तू गप गं. पारखून घेतात ते. थांबते की मी, मला कुठे जायचंय?"

काका किती खूश व्हायचे ते ऐकून! अख्ख्या घरात त्यांना समजून घेणारं एकच माणूस होतं.

पणती फोनमध्ये मोठी होत राहिली. पालथी पडली, बसायला लागली, खालचा दात आला. नव्या मॉडेलची बातमी आली, मग ते लांबणीवर पडल्याची आली. काका दुकानात चक्कर मारून यायचे आणि तोंड पाडून सांगायचे, "अजून नाही." जुन्याचा शेवटचा नगही त्या काळात कुणीतरी घेऊन गेलं. आणि मग आजीला ताप भरला. छातीत कफ झाला, डॉक्टर येऊन गेले, औषध बदललं. दुपारी काकू वाटीत पेज घेऊन गेली तेव्हा आजी गेलेली होती.

भेटायला माणसं यायला लागली, तेव्हा आजीचा फोटो हवा असं कुणीतरी म्हणालं. जुन्या अल्बममधल्या फोटोंत ती तरुण होती, ओळखूही येत नव्हती. ताई मागे येऊन गेली होती तेव्हाचा एक काकूच्या फोनवर सापडला. खिडकीजवळ बसलेली, हातात फणी, कशाला तरी हसत असलेली. काकांनी फोन घेतला आणि चपला घातल्या. त्यांना एकट्याला सोडू नये म्हणून मी मागोमाग निघाले.

कोपऱ्यावरचं ते दुकान म्हणजे एक काउंटर, पासपोर्ट फोटोसाठी एक स्टूल आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. फोटोवाल्यानं फोन हातात घेऊन फोटो पाहिला. "चहा घेऊन या काका, तोवर काढतो," तो म्हणाला.

काका स्टुलावर टेकले, एवढ्यात मशीन घरघरलं आणि फोटो बाहेर आला. काकांनी तो कडेनं धरला. उजेडात नेला. तिरका करून पाहिला, मागची बाजू पाहिली, कडा अंगठ्यानं चाचपल्या. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. मला वाटतं, ते खोट शोधत होते. त्यांना ती त्या दिवशी फार हवी होती. पण आजीच्या तोंडावर जराही पिवळेपणा नव्हता.

"चांगला आलाय," ते म्हणाले.

"आणखी काही?" फोटोवाल्यानं विचारलं.

काकांनी काउंटरवरचा फोन उचलला, बोटानं फोटो सरकवले. मग त्यांनी फोन पुन्हा पुढे केला. पडद्यावर दात दाखवणारी पणती होती. "हे काढा."

"यातले कुठले?"

"सगळे. निवडू नका."

घरी येऊन त्यांनी ते जाड पाकीट काकूच्या हातात दिलं. तिनं उघडून वरचा एकच फोटो पाहिला. रडली नाही, भांडलीही नाही. "केवढी मोठी दिसते हो कागदावर," एवढंच म्हणाली आणि पाकीट मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. ती भांडली असती तर काकांना सोपं गेलं असतं.

ते मॉडेल पुढे आलं. मोठा फोटो, वायर नाही, सगळं काकांना हवं होतं तसं. दुकानदारानं आठवणीनं फोन केला होता. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

परवा माझं वॉशिंग मशीन बंद पडलं. नवं घ्यायचं म्हणून सवयीनं काकांकडे गेले. दोन मॉडेलांची माहिती सांगितली, एक आणखी येणार आहे म्हणतात तेही मुद्दाम सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"कुठलंही घे," ते म्हणाले. "दुकान उघडं असेल अजून. आजच जा."

मी निघाले. पण ते 'थांब' म्हणतील म्हणून जरा वेळ दारातच चपला शोधत राहिले.