ब्रिट्रिक आपला की त्यांचा

आमच्या शेजारच्या एल्गिवाचा नवरा ब्रिट्रिक आयुष्यभर नॉर्मन दिसायला धडपडला, आणि मेल्यावर ते त्याला इतकं छान साधलं की सगळ्या परगण्याच्या गळ्याशी आलं.

नॉर्मनांचा विल्यम राजा समुद्रापलीकडून आम्हा इंग्रजांवर चालून आला आणि आमच्या नदीकाठच्या टेकडीवर त्याच्या सरदाराचा लाकडी किल्ला उभा राहिला. तिथे घोड्यांची लीद काढायला माणसं हवी होती. आम्ही कुणी गेलो नाही, ब्रिट्रिक गेला. वर्षभरात त्यानं मिशा उतरवल्या, मानेवरचे केस त्यांच्यासारखे टाळूपर्यंत भादरले, गुडघ्याच्या वर जाणारा आखूड अंगरखा चढवला आणि सांगायला लागला की माझं नाव रिशार. माझी आई पलीकडची, रुआँ शहरची, असंही म्हणायचा. त्याची आई आमच्याच गिरणीमागे राहून वारली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एल्गिवाला त्याचा उबग आला होता. दिवसभर ती जवाची दारू गाळायची आणि संध्याकाळी हा येऊन म्हणायचा की आमच्यात द्राक्षाची पितात. कांदापातीचं कालवण पुढं केलं की नाक मुरडायचा, आणि मग तीन वाट्या संपवायचा. "तुमच्यातले कोण ते जेवायला घालतील का तुला?" असं ती विचारायची. तो त्याच्या त्या मोडक्या भाषेत काहीतरी पुटपुटायचा. तिला कळायचं नाही, आणि मला वाटतं त्यालाही नीटसं कळत नसावं.

थंडीच्या तोंडावर, डुकरं कापायच्या दिवसांत एका सकाळी तो नदीच्या उतारात पालथा पडलेला सापडला. कपाळ दगडावर फुटलेलं. किल्ल्यावरून पिऊन येताना घसरला, एवढंच. पण निरोप गेला, राजाचा अंमलदार शेरीफ, त्याचा कारभारी घोड्यावरून आला, त्यानं काठीनं मान वळवून पाहिली, केस पाहिले, अंगरखा पाहिला आणि दुभाष्या पाद्र्याकरवी सांगितलं की हा नॉर्मन आहे.

आता राजाचा कायदा असा, की नॉर्मन माणूस असा मेलेला सापडला की खूनच धरायचा, आणि मारेकरी हाती लागला नाही, तर दंड अख्ख्या परगण्यानं भरायचा. मेलेला इंग्रज असेल तर कुणी विचारत नाही. पण तो इंग्रज आहे हे आम्हीच सिद्ध करायचं. बापाकडच्या आणि आईकडच्या नातलगांनी परगण्याच्या सभेत येऊन संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवून शपथ घ्यायची. तोवर प्रेत पुरायचं नाही.

एल्गिवाला रडायलासुद्धा सवड मिळाली नाही. दुपारपर्यंत चार गावची माणसं तिच्या दारात. नवऱ्याला असे केस कापू कसे दिलेस, असं जो तो विचारत होता. मीही त्यांच्यात होतो.

"मी काय त्याची हजामत करायला बसत होते?" ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. मग मागच्या दारानं निघून ती रानात गेली.

रानात ब्रिट्रिकचा धाकटा भाऊ वुल्नॉथ डुकरं राखायचा. दोघांचं बोलणं बंद होतं. एकदा वुल्नॉथ किल्ल्याच्या दाराशी भावाला हाक मारायला गेला, तेव्हा ब्रिट्रिकनं पहारेकऱ्यांसमोर सांगितलं होतं की हा कोण मला माहीत नाही. ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. शपथेचं नाव काढताच तो म्हणाला, "मला भाऊ नाही, वहिनी. त्यानंच सांगितलंय तसं."

"भाऊ नाही, तर मग मला वहिनी कशाला म्हणता?"

तरी येतो असं काही तो म्हणेना. डुकरांसाठी ओकाची फळं झोडपत राहिला. एल्गिवानं कपाळावर हात मारला आणि तशीच ब्रिट्रिकच्या मावशीकडे गेली. लेवा मावशी कानानं ठार बहिरी. तिच्या कानाशी ओरडून ओरडून एल्गिवाचा घसा बसला. मावशी हो हो म्हणाली.

सभा नेहमीसारखी मोठ्या ओकाखाली भरली. प्रेत फळीवर ठेवलं होतं. मावशीला पेटीपाशी उभं केलं. पाद्र्यानं प्रेताकडे बोट दाखवून विचारलं की हा कोण. मावशीचा चेहरा उजळला.

"हा आमचा रिशार," ती म्हणाली. "मोठा साहेब झालाय तो किल्ल्यावर. त्यांच्यातलाच झालाय आता."

सगळ्या परगण्यानं एकदम सुस्कारा सोडला. ते भाषांतर करावं की गिळावं, हे पाद्र्याला सुचेना. एल्गिवा पुढं झाली, मावशीला खांद्याला धरून बाजूला नेलं आणि फक्त म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा आता."

कारभाऱ्यानं मग किल्ल्याच्या तबेल्याचा मुख्य तुर्स्तिन याला बोलावलं. तुर्स्तिननं फळीकडे पाहिलं आणि हसला. पाद्र्यानं आम्हाला सांगितलं ते असं, की हा आमचा कधीच नव्हता. आमच्या भाषेत घोड्याला घोडा म्हणता येत नव्हतं त्याला. त्याच्याकडून मुद्दाम वदवून घ्यायचो आणि पोट धरून हसायचो. तबेल्यात त्याला सगळे 'इंग्रज' म्हणूनच हाक मारायचे.

आमच्यातले काहीजण खूश झाले, कारण साक्ष आमच्या बाजूची होती. पण कारभारी म्हणाला की ही नातलगाची शपथ नव्हे, कायद्यात बसत नाही. तुर्स्तिन अजून हसतच होता. तेवढ्यात मागून वुल्नॉथ गर्दी सारत आला. कधी आला होता कुणास ठाऊक. पेटीवर हात ठेवून तो तुर्स्तिनकडे बघत बोलला.

"हा माझा भाऊ. एका आईचे आम्ही. माझ्या वाटचं दूध यानं प्यायलंय, आणि याला कुणी हसायचंच असलं तर ते मी हसेन."

पाद्र्यानं शेवटचा भाग भाषांतरात घेतला नाही. कारभाऱ्याला घरी जायची घाई होती. बापाकडचे दोन चुलते कसेबसे उभे केले, मावशीला खुणेनं पेटीवर हात ठेवायला लावला आणि ब्रिट्रिक इंग्रज ठरला. दंड टळला. लोक आनंदानं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. ज्यांनी आधी एल्गिवाला शिव्या घातल्या होत्या, ते आता तिला दारू मागायला आले. तिनं आम्हा सगळ्यांना हाकललं.

फळीचं एक टोक वुल्नॉथनं उचललं, दुसरं तिनं. मी हात लावायला गेलो, तर म्हणाली, "राहू दे. इतके दिवस मीच उचलतेय याला."

चर्चच्या आवारात खड्डा तयार होता. माती लोटताना ती पहिल्यांदा रडली, आणि रडता रडताही त्याला बोलतच होती. मेलासुद्धा धड माणसासारखा नाहीस, असं काहीतरी. वुल्नॉथ खाली मान घालून ऐकत होता.

त्या थंडीत रानात गारठा फार पडला, तेव्हा वुल्नॉथनं डुकरं तिच्या परसात आणली. वसंतात परत नेतो म्हणाला होता, नेली नाहीत. डुकरं तिचे दारूसाठी भिजवलेले जव खायची आणि ती दिवसभर त्याच्यावर ओरडायची. तोही उलट ओरडायचा. आम्हा शेजाऱ्यांना त्याचा जाच व्हायचा. पण संध्याकाळी दोघं कालवणाला एकाच भांड्याशी बसायचे.