रिजेक्टकाकांची सही

रिजेक्टकाकांची आणि आमची ओळख झाली ती आमच्या गाडीच्या आरशाला लटकणाऱ्या एका लाल चिठ्ठीमुळे. कारखान्यात खराब मालाला बांधतात तसली, जाड पुठ्ठ्याची, भोकातून दोरा ओवलेली. तिच्यावरच्या रकान्यांत निळ्या शाईने सुवाच्य अक्षरात भरलं होतं, 'दोष : व्हीलचेअरच्या रॅम्पवर गाडी. निर्णय : रिजेक्ट.' खाली पूर्ण सही, फ्लॅट नंबरसकट. समीर, माझा नवरा, तावातावाने भांडायला सातव्या मजल्यावर गेला आणि अर्ध्या तासाने चहा पिऊन, गाडी हलवायला किल्ली घ्यायला परत आला.

काका मानेसरला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं होते. आलेला माल तपासायचा आणि नापास असेल तर लाल चिठ्ठी बांधून बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होताना त्यांनी उरलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घरी आणला आणि गुरुग्राम तपासायला घेतलं. झाकण नसलेलं गटार, ट्रान्सफॉर्मरला जाऊन धडकणारा फूटपाथ, रंग न मारलेला गतिरोधक, सगळ्यांना चिठ्ठ्या लागल्या. मी एकदा पुरणपोळ्या दिल्या तर रिकाम्या डब्याच्या कडीलाही एक आली होती, 'दोष : वेलची कमी.' सही नसलेली चिठ्ठी म्हणजे नुसता कागद, असं ते म्हणत. "नापास करणाऱ्यानं नाव लावायला हवं. आणि पास करणाऱ्यानं तर हवंच हवं."

सायकल मला त्यांनीच शिकवली. म्हणजे लहानपणी पुण्यात मी चालवलेली होती, पण अडतिसाव्या वर्षी पुन्हा रस्त्यावर उतरायचं धाडस त्यांनी दिलं. रविवारी उजाडता उजाडता आम्ही तिघं अरवलीच्या बाजूला निघायचो. दोन्ही बाजूंना बाभळी, मधूनच मोर, हलके चढ. सात वाजेपर्यंत तो रस्ता बरा असतो. त्यानंतर गाड्या सुरू होतात आणि गाड्यांबरोबर हॉर्न.

हॉर्न वाजला की काका थांबत. सायकल स्टँडला लावत, शांतपणे त्या गाडीच्या खिडकीशी जात आणि विचारत, "भाईसाहब, ये जो हॉर्न मारा, इसका मतलब क्या था? पूरा वाक्य बोलिए." गाडीवाले गोंधळत. काही शिव्या देत. एकजण म्हणाला, "मतलब यही कि मैं आ रहा हूँ, अंकल." काका म्हणाले, "और मैं? मैं क्या कर रहा हूँ?" मागे वीस गाड्या तुंबलेल्या, सगळ्यांचे हॉर्न चालू आणि मधोमध हा साठीतला माणूस एका वाक्यासाठी अडून बसलेला. मला हसू यायचं. खरं सांगायचं तर लाजही वाटायची आणि मी थोडी पुढे जाऊन उभी राहायचे. आज त्या लाजेचा मला राग येतो.

कारण आम्हाला उशिरा कळलं. एका रविवारी सायकलने राजधानीतल्या कोपर्निकस मार्गापर्यंत गेलो होतो, तिथल्या मराठी अतिथिगृहात थालीपीठ खायला. ताटं समोर आल्यावर काका एकदम म्हणाले, "हिला इथलं थालीपीठ आवडायचं." आणि मग सांगायला लागले. काकू सायकलवरून योगाच्या वर्गाला जात होत्या. सकाळची वेळ, सरळ रस्ता, अगदी डाव्या कडेने. मागून आलेल्या गाडीने उडवलं. चालवणारा मुलगा पंचविशीचा. पोलीस ठाण्यात तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मैंने हॉर्न तो दिया था."

"आणि सगळ्यांनी मान डोलावली," काका म्हणाले. "इन्स्पेक्टरनं, वकिलानं, माझ्या सख्ख्या मेहुण्यानं. हॉर्न दिला होता ना, मग झालं. मग म्हणे नशिबातच होतं. म्हणे मुलाचं आयुष्य पुढे आहे. म्हणे ती काय परत येणार आहे का. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे कागद ठेवला, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही म्हणून. मी सही केली. बत्तीस वर्षांत माझ्या सहीनं एक खराब पीस बाहेर गेला नाही, मृणाल. हा गेला."

मी म्हणाले, "काका, त्या वेळी दुसरं काय करणार होतात तुम्ही?"

"म्हणजे तूही पास केलंस," ते म्हणाले आणि थालीपीठाचा तुकडा मोडला. माझ्या तोंडून असलं गुळगुळीत वाक्य निघावं याची चीड मला अजून आहे.

फ्रान्सची कल्पना समीरची. त्याच्या ऑफिसने त्याला कामचलाऊ फ्रेंच शिकवलं होतं आणि त्याला ते कुठेतरी वापरायचं होतं. फ्रान्सच्या मधल्या डोंगराळ भागात आठवडाभर सायकली भाड्याने घ्यायच्या, रोज एका गावातून दुसऱ्या गावात जायचं. काका आधी नाही म्हणाले. "तिकडचे रस्ते बघून मी इथं काय करू?" पण आले. सामानात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होताच. समीर त्यांना म्हणाला, "काका, तिथलं सरकार घाबरलंय बरं का."

पहिला दिवस ओक आणि चेस्टनटच्या गर्द जंगलातून गेला. रस्ता इतका अरुंद की आपल्याकडे त्याला गल्ली म्हटलं असतं, पण कुठे एक खड्डा नाही. चढ लांबलचक, वळणावळणाचे. खाली दरीत नदीचा आवाज, कुठेतरी गाईच्या गळ्यातली घंटा आणि आमच्या साखळ्यांची किरकिर. काका पुढे, मी मध्ये, समीर बराच मागे. घाटासारख्या एका चढावर मला मागे काहीतरी असल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर एक छोटी पांढरी गाडी आमच्या चालीने रांगत येत होती. किती वेळ होती कोण जाणे. हॉर्न नाही म्हणजे मागे गाडी नाही, इतकी वर्षं आमच्या कानांना हेच ठाऊक. तिच्याही मागे सायकलवर समीर होता, खालच्या सपाटीवर तिने मागे टाकलेला, घामाघूम.

काकांनीही पाहिलं आणि त्यांचा पारा चढला. त्यांना वाटलं कुणीतरी पाठलाग करतंय. सायकल रस्त्याकडेच्या दगडाला टेकवून ते गाडीकडे गेले आणि परक्या देशातल्या त्या जंगलात खणखणीत हिंदीत विचारते झाले, "क्या चाहिए आपको? पीछे क्यों लगे हैं?"

आत एक सत्तरीची बाई, शेजारच्या सीटवर पावांची पिशवी. ती हसून काहीतरी म्हणाली. समीर धापा टाकत पोहोचला आणि त्याने तिचं म्हणणं समजून घेतलं. "काका, ती म्हणते की वळणं होती, समोरचं दिसत नव्हतं, म्हणून ओलांडलं नाही. तिला घाई नाहीये म्हणते. आपण दमलो असलो तर पाणी आहे तिच्याकडे."

"कधीपासून होती?" काकांनी विचारलं.

"खालच्या पुलापासून."

पूल दोन किलोमीटर मागे होता. बाईने हात हलवला आणि समोरचा रस्ता मोकळा दिसल्यावर, पलीकडच्या कडेने लांबून वळसा घालून ती निघून गेली. मला वाटलं आता काका हसतील, ही गोष्ट सोसायटीत रंगवून सांगतील. ते रस्त्याच्या कठड्यावर बसले.

"दोन किलोमीटर थांबली ही बाई," ते म्हणाले. "त्याला चार सेकंद थांबायचं होतं. रस्ता सरळ होता. ब्रेकही होते गाडीला, कदाचित मीच पास केलेले. चांगले होते. त्यानं फक्त दाबले नाहीत." मग म्हणाले, "नशीब म्हणे. कसलं नशीब? इतकं सोपं होतं हे."

सहलीवर माणसं दिवसागणिक खुलतात. काका दिवसागणिक संतापत गेले. तिथली थांबणारी प्रत्येक गाडी त्यांना पुरावा होती. सात दिवसांत एकही चिठ्ठी खर्च झाली नाही आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला. मला तो सुंदर रस्ता आठवला की आधी ते जंगल आठवत नाही, कठड्यावर बसलेले काका आठवतात.

परत आल्यावर ते तीनदा पोलीस ठाण्यात गेले. मला माझी सही परत घ्यायची आहे, म्हणाले. तिन्ही वेळा गाडी मीच चालवत नेली. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा अर्ज द्या म्हणाले. तिसऱ्यांदा टेबलामागच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "अंकल, नौ साल हो गए. फाइल भी नहीं मिलेगी. घर जाइए, भगवान का नाम लीजिए." काका उठले. त्यानंतर त्यांनी सायकल काही चालवली नाही. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "आता बघून आलोय ना मी. आता हे चालवून नाही घेणार."

गेल्या हिवाळ्यात, धुरक्याच्या दिवसांत त्यांची छाती भरली आणि आठवड्यात ते गेले. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'काका शांतपणे गेले.' खाली जोडलेल्या हातांची साठ चित्रं. शांतपणे? ज्यांच्या गाड्यांना चिठ्ठ्या लागल्या होत्या तेच हे लिहीत होते. तो माणूस नऊ वर्षं एका सहीसाठी जळत होता आणि आपण सगळे त्याला 'काका, आता सोडा ना' म्हणत होतो. मी काही न लिहिता ग्रुप सोडला.

त्यांची मुलगी पुण्याहून आली होती. तिने माझ्या हातात एक प्लॅस्टिकची फाइल दिली. आत त्या कागदाची झेरॉक्स होती, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, आणि कोपऱ्यात भोक पाडून बांधलेली लाल चिठ्ठी. 'दोष : हॉर्न दिला, ब्रेक दिला नाही. निर्णय : रिजेक्ट.' खाली सही, नेहमीसारखी पूर्ण. गठ्ठ्यात उरलेल्या चिठ्ठ्याही तिने मलाच दिल्या. त्यातली एक मी गाडीच्या स्टीअरिंगला बांधून ठेवली, बरोबर हॉर्नच्या जागी.

परवा मानेसरला जाताना एका अरुंद रस्त्यावर माझ्या पुढे एक कामगार सायकलवरून चालला होता. हँडलला डबा अडकवलेला, कारखान्याची निळी वर्दी, डावी कडा धरून. समोरून ट्रकांची रांग येत होती. ओलांडायला जागा नव्हती, म्हणून मी त्याच्या चालीने मागे राहिले. माझ्यामागे गाड्या तुंबल्या, बोंबाबोंब सुरू झाली. ट्रकांमुळे मला थांबावं लागलं तेव्हा मागच्या गाडीतला माणूस उतरून आला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, "मैडम, हॉर्न तो दो, हट जाएगा."

मी काच खाली केली. "क्यों दूँ?" मी विचारलं. "पूरा वाक्य बोलिए."

मी वाट पाहिली. त्याच्याकडे वाक्य नव्हतं.