कुकरचे डबे आणि नवऱ्याची इज्जत

बायांनो, आज डोकं लय फिरलंय.

दुपारी एकाच कुकरात डाळ, भात, बटाटे लावले. गॅस वाचला, भांडी वाचली. डाळीला वरून फोडणी घातली आणि डबे तसेच वाढायला आणले.

नवऱ्याचा कुपवाडच्या कारखान्यातला मित्र जेवायला आला होता. त्याच्यादेखत नवरा ओरडला, “पाव्हण्यापुढं कुकरचे डबे ठेवतीस व्हय? इज्जत हाय का न्हाई?”

मग स्वतःच कपाटातली काचेची भांडी काढून सगळं त्यांत ओतलं. गप्पांत डाळ गार झाली, तर म्हणतो, “जरा गरम करून आण.”

काच गॅसवर ठेवू? परत त्याच डब्यात ओतली, गॅस पेटवला, डबा तसाच पुढ्यात आपटला. पाव्हणा दोनदा वाढून घेऊन जेवला.

काचेची भांडी अजून मोरीत पडलीत. इज्जत त्याची होती, आता घासूदे त्यालाच. माझं काय चुकलं, सांगा!